बाबांच्या धुनेचा शेवटचा सूर

प्रिय सायलस,

बाबा नाचासाठी व्हायोलिनवर वाजवायचे त्या धुनेवरून आपण अकरा वर्षं बोललो नाही. शेवटचा सूर मी खाली आणायचे, तू वर चढवायचास. "तुझ्या कानात बोळे आहेत, हेस्टर!" असं म्हणून तू आपलं डॉर्सेट सोडलंस. मीही गावभर सांगत सुटले की सायलसला व्हायोलिन धरताच येत नाही. ते माझं चुकलं.

परवा हॅलेटबाईंनी त्यांच्याकडे राहिलेली बाबांची जुनी वही दिली. तरुणपणी त्या बाबांच्या वाजवण्यावर नाचायच्या. वहीत बाबांच्या अक्षरात ती धून दोनदा लिहिलीय, एकदा तुझी, एकदा माझी. मी चक्रावले, तशा त्या हसल्या. "अगं, नाचाची आणखी एक फेरी घ्यायची असली की तो सूर वर न्यायचा, आणि थांबायचं असलं की खाली. आमच्या पायांना कळायचं ते!"

दोघांनाही बाबांनीच शिकवलं होतं, सायलस. विचारायचं मात्र आपल्याला सुचलं नाही.

हे पत्र मी टपालात टाकत नाही. शनिवारी तुमच्या गावच्या सभागृहात नाच आहे म्हणे. हे पत्र आणि व्हायोलिन घेऊन मी स्वतःच येते. दारातून हाकललंस, तरी एक फेरी तुझ्याबरोबर वाजवूनच जाईन.

तुझी हट्टी बहीण,
हेस्टर