नव्या शेडमध्ये आवाज नाही

६ मार्च
कोंबडीची पिल्लं आली! दोन्ही शेडमध्ये सोडली. कान किटवणारा चिवचिवाट. घरात बाळ दचकून रडलं, पण रडण्यातही जोर नाही. दुपारी दवाखान्यात नर्सबाई त्याला काट्यावर ठेवून म्हणाल्या, "वजन जागच्या जागी आहे. दूध पुरतंय ना?" पुरतंय ना म्हणे! मला काय मीटर लावलाय? तिथे हसले. घरी येऊन रडले.

८ मार्च
कंपनीचा सुपरवायझर दोन पावडरी देऊन गेला. फक्त नव्या शेडच्या खाद्यात मिसळायच्या, म्हणजे जुन्या शेडशी ताडून बघता येईल. एकीत पोटातले चांगले जंतू — जिवंत! दुसरीत त्या जंतूंचं खाणं.

"म्हणजे पाहुणे आणि त्यांचा डबा," मी म्हटलं.

"पाहुणे नाहीत ताई, राहायलाच येतात. मग वाईट जंतूंना जागाच उरत नाही."

सासूबाई दारातून ऐकत होत्या. "आणि अंगी लागतं का?"

"लागतं आजी. खाल्लेलं सगळं अंगी लागतं."

१५ मार्च
नव्या शेडची पिल्लं जुन्या शेडमधल्यांपेक्षा चांगलीच भरली आहेत. खाली अंथरलेलं तूस कोरडं, वास नाही, एकही दगावलं नाही. हे शिट्टी वाजवत फिरतायत. बाळ मात्र तसंच. कोंबड्या वाढवता येतात, पोर नाही! असं लिहू नये. लिहिलं.

१९ मार्च
नव्या शेडमध्ये आवाज नाही.

जुन्यात बोललेलं ऐकू येत नाही, आणि इथे नुसती पंख्याची घरघर. आजारी पडल्या की काय म्हणून धावत आत गेले. ठणठणीत! सगळ्या माना खाली घालून खात होत्या. मग सगळ्यांनी माना वर केल्या. सगळ्यांनी, एकदम! ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "गप्प बसून खातायत, तेही तुला खुपतं?"

२० मार्च
हल्ली भूक फार लागते. आज दोनदा मागून घेतलं. लाज वाटली थोडी.

२५ मार्च
वजन वाढलं!! नर्सबाईंचा विश्वास बसेना, पुन्हा ठेवलं काट्यावर. खरंच वाढलंय. मी त्यांच्या गळ्यातच पडले. दूध इतकं येतंय की कपडे भिजतात. आज जग चांगलं आहे.

३० मार्च
भांडी घासता घासता हात थांबले आणि मान वर झाली. का, ते कळेना. तेवढ्यात नव्या शेडची खाद्याची मोटर सुरू झाली.

सवय असेल, रोजची वेळ ठरलेली असते — पण आज लाइट गेली होती. वेळ पार चुकली होती.

३ एप्रिल
"तू हल्ली बोलत का नाहीस?" — हे. मला वाटत होतं मी बोलतेय.

७ एप्रिल
काम नसताना नव्या शेडमध्ये गेले. माणूस आत आलं की कोंबड्या पांगतात, एकमेकींवर चढतात. ह्या कोंबड्यांनी मला वाट करून दिली, आणि मागून मिटवली. किती वेळ उभी होते कोण जाणे. बाळाच्या रडण्याने भानावर आले. तिथे भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, ह्याची आता वाटतेय.

बाळ मात्र गुबगुबीत! गालाला खळी पडते.

१४ एप्रिल
उद्या कंपनीची गाडी कोंबड्या उचलणार. गाडीत घाण नको म्हणून आज दुपारपासून दोन्ही शेडचं खाद्य बंद. दर खेपेला करतोच. मी पोटभर जेवले आणि तरी भुकेने कळवळले. पुन्हा जेवले. आग तशीच. जुन्या शेडमध्ये नुसता कल्लोळ. नव्याच्या जाळीपाशी गेले तर त्या सगळ्या जाळीला लागून उभ्या. माझ्याकडे बघत. हूं नाही की चूं नाही.

१५ एप्रिल
गाडी गेली. नव्या शेडची वजनं बघून सुपरवायझर उडालाच. ह्यांना आभाळ ठेंगणं झालंय. मी न्हाणीघराचं दार लावून हमसून हमसून रडले. कोंबड्यांसाठी! एवढे लॉट गेले, कधी डोळा ओला झाला नाही.

१७ एप्रिल
घर फार मोठं वाटतंय. कुणाला काय सांगू?

१८ एप्रिल
जेवायला बसले तर सासूबाई ताट हातात धरून उभ्या. "रागावू नकोस गं. कोंबड्यांच्या अंगी लागतं, मग बाळंतिणीच्या का नाही लागणार? म्हणून दोन्ही पावडरी तुझ्या जेवणात घालत होते. बाळाने बाळसं धरलं आता. आजपासून बंद करते."

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही. "बंद नको," एवढंच बाहेर आलं. आणि मी त्यांच्या हातातून ताट ओढून घेतलं.