रुमालाखालचा हात

धुळे,
१८ सप्टेंबर १९८७

चि. नातू रुपचंद यास सूरजबाईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे मजेत. अक्षर ओळखलंस ना? एरवी माझी पत्रं निर्मलची बायको लताबाई लिहिते. तिला मीच चाळीसगावला माहेरी धाडलं, म्हणून तुझ्या धाकट्या भावाला पेन धरावं लागलं. सहा वर्षं तुझं नाव न घेणारा निर्मल आता पाकिटावर तेच नाव लिहिणार. मला बसल्या जागी करमणूक.

तू राजदूत झालास तेव्हा शेजारच्या भागाबाईने विचारलं होतं, "माय, राजदूत मोटारसायकलनी एजन्सी लिधी का?" म्हटलं, "नाही गं, सरकारनं त्यालाच नेलं." तिला निदान माझ्याकडून कळलं. निर्मलला पेपरात वाचून कळलं. कापसाची जिनिंग गिरणी दोघांची, सोडून जाताना भावाला एका शब्दाने विचारलं नाहीस.

आणि आता संवत्सरीला तुझं क्षमेचं कार्ड आलं. वर सरकारी सिंह, खाली छापील मजकूर. साहेबलोकांना धाडलंस तेच सख्ख्या भावाला! अरे, क्षमा मागायला छापखाना लागतो?

निर्मल म्हणतो, "बाई, हे राहू दे." मी म्हणते, लिही. आणि हेही लिही, की ते कार्ड तू फाडलं नाहीस, गल्ल्यात जपून ठेवलंयस. म्हातारीला दिसत नाही असं वाटतं यांना.

तुमचा बाप दलिचंद कापसाच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा. खाली कोण किती मागे सरलं ते वर कुणाला दिसत नाही. दोघेही ताठ मानेने उठतात. तुला तिकडे याच कामाचा पगार देतात ना? मग दिवाळीला ये. भावासमोर बस. तोंडाने जमत नसेल तर हात द्या एकमेकांच्या हातात, रुमाल मी टाकते.

माझ्या तब्येतीचं विचारू नकोस. जेवण हलकं, झोप छान.

खाली निर्मलला जागा सोडलीय. मला वाचता येत नाही, म्हणून तरी खरं लिहील.

रुमाल धुऊन वाट बघणारी,
तुझी आजी सूरजबाई

भाऊ, बाईने आधी गोड सोडलं, आता मीठही सोडलंय. पुढे काय सोडणार ते सांगत नाही. दिवाळीपर्यंत थांबू नकोस. ये.
निर्मल