बुडखा

देवबाग, ८ ऑगस्ट १९८८

ती. अक्कास जानकीचा शि. सा. न.

आरोंद्याला लावणी आटोपली असेल. इथे खाडीकडून वारा, समुद्राकडूनही वारा. हे बोटीवर गेल्यापासून घरात मी आणि सासूबाई, दोघीच.

पोटात पुन्हा उजवीकडे दुखतं, जुन्या टाक्यांपाशी. कणकण असते, पेजही पोटात ठरत नाही. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स दोन वर्षांपूर्वीच काढलंय, नसलेली वस्तू दुखेल कशी? टॉनिक दिलं आणि मन रमवायला सांगितलं. सासूबाईंना वाटतं, हे परत आले की दुखणं पळेल; म्हणतात, घोव इलो काय सगळा बरा होतला. आता मलाच वाटतं, मी उगाच तर कण्हत नाही ना? तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

तुझी जानकी

आरोंदा, १३ ऑगस्ट १९८८

चि. जानकीस अनेक आशीर्वाद.

अगो, लहानपणी पायात कालवाची शिंप घुसली तरी तू हूं की चूं केलं नव्हतंस. ती तू उगाच कण्हशील? तुझे भावोजी मंगळवारी तुला न्यायला येतायत. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात पोटाच्या आतलं दाखवणारं यंत्र आलंय, सोनोग्राफी म्हणतात. सासूबाईंना सांग, अक्काला बरं नाही. खोट्याचं पाप माझ्या माथी.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
अक्का

रॉटरडॅम, १९ ऑगस्ट १९८८

प्रिय जानकीस,

तुझं जूनचं पत्र आज मिळालं. पोटदुखीचं वाचलं. एकटेपणाने असं होतं गो. मलाही केबिनमध्ये कधी घास उतरत नाही. देवळात भजनाला जात जा. कंपनी आणखी वर्षभर राहा म्हणते. तू बरी झालीस की हो म्हणेन. कळव.

आईस नमस्कार.
तुझा गुरुदास

आरोंदा, ११ सप्टेंबर १९८८

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र सासूबाईंनी इथे पाठवलं. ते वाचलं तेव्हा माझं ऑपरेशन होऊन गेलं होतं.

सोनोग्राफीच्या डॉक्टरबाईंनी जुन्या टाक्यांवरून यंत्र फिरवलं आणि तिथेच थांबल्या. मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. मागच्या वेळी अपेंडिक्स कापलं, पण त्याचा बुडखा लांब राहिला होता. तोच सुजून बाजूला पू धरत होता. असं क्वचितच होतं, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही, असं म्हणाले. आणखी थांबले असते तर फुटला असता. आधी सलाईनमधून औषधं दिली, मग बुडखा आतड्यालगत काढून टाकला. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमचं दुखणं खरंच होतं. तेव्हा मात्र मी रडले. अक्कालाही आवरेना.

तुम्ही एकटेपणाचं लिहिलंत, त्याचा राग नाही. तेही आहेच. देवबागला जेवताना सासूबाई आणि मी समोरासमोर बसतो, आणि बोलायला काही उरत नाही. त्यावर कुणी औषध दिलं नाही.

आता पोट दुखत नाही. जेवते, हिंडते. मी बरी झाले आहे. तरी कंपनीला हो म्हणू नका.

तुमची जानकी