छप्पन्न तास आणि बाळाबाईंचा लसूण

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
समुपदेशक प्रशिक्षण कक्ष, कोल्हापूर.

विषय : शेंगा फोडताना व लसूण सोलताना भरलेले समुपदेशनाचे छप्पन्न तास ग्राह्य धरणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र दि. १६ जून २०२५ व त्यातील शेरा, "कक्षात समुपदेशन नव्हे, स्वयंपाकाची तयारी आढळली."

महोदय,

अर्जदार क्रांती बाबासो कांबळे, प्रशिक्षणार्थी समुपदेशक, हिची विनंती अशी की, प्रमाणपत्रासाठी प्रौढ लाभार्थ्यांसोबत साठ तास लागतात. अर्जदाराचे एकोणसाठ भरले होते. आपल्या शेऱ्याने तीन उरले.

१. ते तीन तास हुपरीच्या मीनाबाईंचे. (नाव संमतीने. "घाल की, मी काय चोरी केलीया व्हय?" असे त्यांनी बजावले.) शिकवल्याप्रमाणे अर्जदार समोर हाताची घडी घालून, मान डोलवत गप्प बसली. मीनाबाईही गप्प बसल्या. तीन आठवडे दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत होत्या. नेमके तेवढेच तास आपण ग्राह्य धरलेत, याचे अर्जदारास अतोनात नवल वाटते.

२. चौथ्या खेपेला मीनाबाईंनी घरचे काम आणले, पैंजणाला घुंगरू जोडायचे. मूठभर घुंगरू अर्जदारापुढे ओतून म्हणाल्या, "नुसती बघत बसू नगंस, हात चालव. हात मोकळा असला की माझं तोंड उघडत न्हाय." आणि काय सांगावे साहेब, घुंगरू संपले तरी बोलणे संपेना! काय बोलल्या ते गोपनीय आहे. दोघी रडल्या, मग हसत सुटल्या.

३. ही वार्ता पसरली. कोडोलीचे आकाराम शेंगांचे पोते घेऊन आले. सहा महिने घरात कुणाशी न बोललेला माणूस, पोते रिकामे होईस्तोवर बोलायचा थांबला नाही. खानावळवाल्या बाळाबाई लसणाची पाटीच आणतात. आपल्याकडची मोठी माणसे समोरासमोर बसून मन मोकळे करायला लाजतात. मान खाली घालून काम करताना भडाभडा बोलतात. अर्जदाराची पद्धत ती हीच. अडाणी म्हणा हवी तर, पण बाद करू नका!

४. दि. १२ रोजी आपली तपासणी झाली, शेरा लिहून झाला. बाळाबाई घाबरून पाटी टाकून पळाल्या. त्यानंतर, गाडी यायला वेळ होता म्हणून एक प्रौढ गृहस्थ कक्षात टेकले. बसल्या बसल्या त्यांनी लसणाचा एक गड्डा उचलला. पुढे तासभर ते बोलत होते. कोण होते, काय बोलले, हे अर्जदार मेली तरी सांगणार नाही. नोंदवहीत फक्त 'लाभार्थी क्र. ४, लसूण सव्वा किलो' एवढेच आहे.

तरी ते छप्पन्न तास ग्राह्य धरावेत, व हा साठावाही. अन्यथा तोही तास स्वयंपाकाची तयारीच होती, असे त्या गृहस्थांना कुणीतरी सांगावे लागेल. अर्जदाराच्याने ते होणार नाही. जाताना ते फार हलके होऊन गेले होते.

आपली नम्र,
क्रांती बाबासो कांबळे
कोल्हापूर, दि. १७ जून २०२५

सोबत : १. संमतीपत्रे, तीन. चौथे मागितलेले नाही.
२. नोंदवहीची प्रत.
३. लसूण जोडलेला नाही. निम्मी पाटी शिल्लक आहे. कक्ष गुरुवारी चार वाजता उघडा असतो.