गावाने दिलेली माती

प्रिय दीदी,

टेकडीवर चढून, रेंज शोधून तू पाठवलेला निरोप मिळाला. गाडीच्या सावलीत जेवता जेवता मी तो तीनदा ऐकला आणि तिसऱ्यांदा तोंडातला भात थुंकून टाकला. इतका आनंद होता तुझ्या आवाजात. तुझ्याशी फोनवर बोलायला लागलं की माझी जीभ टाळूला चिकटते, म्हणून मुरुगेसनकडून वहीची पानं मागून घेतली आहेत. अक्षर तेच आहे, सातवीत सोडलेलं.

मुरुगेसन म्हणजे आमच्या बोअरच्या गाडीचा ड्रिलर. सांबार असं करतो की त्यात पाय धुवावेत. पण माणूस वाईट नाही. नवीन भोक पाडायच्या आधी इथे नारळ फोडतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. पहिल्या वर्षी मी बाजूला उभा राहायचो तर पोरं टपली मारायची. आता मुरुगेसनच म्हणतो, “फादर, तुम्ही जेवून घ्या तोवर.” मी पीत नाही, म्हणून मला फादर म्हणतात. बोअर कोरडी जायला लागली की ओरडतात, फादर, तुमच्या देवाला जरा खाली बघायला सांगा. सगळे हसतात, मीही हसतो. मग गाडीमागे जाऊन चूळ भरतो. का, ते सांगतो. जरा थांब, हेच सांगायला बसलोय आणि सांबारावर गेलो.

तर पंप. गावच्या हातपंपाचा पाइप तुटून भोकात पडला, बायका महिनाभर नाल्यावर जातायत, आणि गावचा कारभार हाकणाऱ्या पटेलाच्या बायकोने दोन वर्षांनी पहिल्यांदा तुझ्याशी तोंड उघडलं. काय, तर “तुझा भाऊ बोअरवर असतो ना गं?” आणि तू विरघळलीस. मला सांगतेस, फगनू, चेन-कप्पी घेऊन ये, ईस्टरच्या आत पाइप काढून दे, ज्यांनी बाबाला माती दिली त्यांना आपण पाणी देऊ. दीदी, मला शिसारी आली. पटेलणीची आली, पंपाची आली, आणि खोटं कशाला बोलू, तुझीसुद्धा आली.

तो पंप तू विसरलीस? येशूला मानणाऱ्या विश्वासी लोकांच्या घागरीने पाणी बाटतं म्हणून त्याच्याभोवती बोरीचे काटे कोणी लावले? तू तरीही गेलीस. पटेलाच्या सुनेने तुझी घागर लाथेने उडवली आणि म्हणाली, “जा ना, तुझा येशू पाण्यावर चालतो म्हणे, त्यालाच सांग भरून आणायला.” बायका खिदळल्या. तिला सातवा महिना होता. तू घागर उचललीस आणि तिला म्हणालीस, जपून गं, इथे शेवाळ आहे. मी चिंचेखाली उभा राहून बघत होतो. त्यानंतर तू नाल्याचं पाणी लुगड्याच्या पदराने गाळायचीस, पदरावर लालसर किडे वळवळायचे, आणि जेवणाआधी त्याच पाण्यासाठी आभार मानायचीस. बाबा ‘आमेन’ म्हणायचा. मला ओकारी यायची. त्याच महिन्यात मी बोअरच्या गाडीवर चढलो. गावाला कंटाळलो असं सांगितलं होतं. गावाचा नव्हे, तुमच्या दोघांच्या चांगुलपणाचा वीट आला होता. त्याच्यापुढे मी फारच हलका दिसायचो.

दुसऱ्या वर्षी, फाल्गुनात बाबा गेला तेव्हा तू लांब परप्रांतात मिरची तोडायला गेली होतीस. मी आधी पोचलो, तू दोन दिवसांनी. तोवर बाबा मातीत होता, आजा-आजीच्या शेजारी. तू मला विचारलंस, गावात पुरू कसं दिलं? मी म्हणालो, पटेलाचं मन द्रवलं. तू त्याच्या अंगणात जाऊन हात जोडलेस आणि तो तोंड फिरवून आत गेला. तुला वाटलं, लाजला. क्रूस का नाही, असंही विचारलंस. मी म्हणालो, माती बसू दे, वर्षानंतर लावू. आता वर्ष झालं, येताना क्रूसही करून आण, असं तुझ्या निरोपाच्या शेवटी आहे. तिथेच मी भात थुंकला.

आता लिहितो. पटेलाचं मन द्रवलं नव्हतं. बाबा खाटेवर तिसरा दिवस पडून होता, वास बाहेर यायला लागला होता. पटेल विश्वासी माणसाला गावात पुरू देईना. पास्टर म्हणाले शहरातल्या कब्रस्तानात नेऊ, पण कोणी गाडी देईना. वाटेवर माणसं काठ्या घेऊन बसलेली. पटेल म्हणाला, “आपल्या देवांकडे परत ये, बाप तुझ्या हाताने मातीत जाईल. नाहीतर घेऊन बस कुशीत.” मी गावदेवी आईच्या गुडीवर, तिच्या देवळात गेलो. तिथल्या पुजाऱ्याने, गायत्याने पानावर भात दिला, तो खाल्ला. मोहाची दारू दिली, ती प्यायलो. जन्मातला तो पहिला घोट, तो अजून माझ्या तोंडातून गेलेला नाही. मग पटेलाने कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की बुदरूने, म्हणजे बाबाने, मरायच्या आधी येशूला सोडलं. मी वाचला, दीदी, सातवीपर्यंत शिकलोय मी. वाचला आणि बाबाचा अंगठा उचलून शाईत बुडवला. थंड आणि मऊ झाला होता, ठसा नीट उठेना. दोनदा दाबावा लागला. पाच माणसांदेखत हे झालं. तुझ्याशी गावात कोणी बोलतच नाही, म्हणून तुला वर्षभर कळलं नाही. आता पटेलीण बोलायला लागलीय. काठ्या घेऊन बसलेल्यांपेक्षा, लाथ मारणारीपेक्षा मला माझाच हात जास्त घाण वाटतो. ज्या बाबाने किड्याच्या पाण्यावर आमेन म्हटलं, त्याच्याकडून मी तो मेल्यावर नाही म्हणवून घेतलं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तू हे ऐकण्याआधी लिहितोय. गुरुवारी येतो आहे. पाइप मी काढीन, तू त्यांना तसं सांगून बसलीस म्हणून. पण पटेलासमोर कागद खोटा आहे म्हणून सांगितलं, तर ते बाबाला उकरून नाल्यापलीकडे टाकतील. शेजारच्या गावात एकाला असंच टाकलंय, तुला ठाऊक आहे. नाही सांगितलं, तर बाबा तिथे येशूला नाकारलेला म्हणून पडून राहील, तू आभार मानत राहशील. मला ठरवता येत नाही. माझा तो हक्कही राहिलेला नाही. हे वाचल्यावर क्रूस आण म्हणालीस, तर आणतो. मग त्यांनी उकरायच्या आधी कुदळ आपल्यालाच उचलावी लागेल, बाबाला दुसरीकडे न्यायला. तोंड बघायचं नसेल तर दार लावून घे, मी पंप करून निघून जाईन.

तुझाच, तू म्हणशील तोवर,
फगनू