पाहुणीचा कप

५ जानेवारी, सोमवार

सराव परीक्षेचे पेपर मिळाले. गणित-१ मध्ये मला २१, सुजाताला ३७. जाधव सर म्हणाले, एका बाकावर बसून वाण नाही पण गुण तरी लागायला पाहिजे होता. सगळा वर्ग हसला, सु. सोडून. तिनं बाकाखाली माझा हात दाबला.

साडेचारला नेहमीसारखी ती घरी आली. वरच्या खोलीत भूमिती. पाचला आईचा चहा. आम्हा घरच्यांना स्टीलचे कप, सु.ला चिनी मातीचा, गुलाबाच्या फुलाचा. सेटमधला तेवढा एकच उरलाय. आठवीपासून तिला तोच. आठवीतच धाकट्या ओमनं एकदा त्यात दूध ओतून घेतलं होतं, तर आईनं कप त्याच्या हातातून हिसकावला. "त्यो सुजाताचा हाय." तेव्हा मला कळलं. कळलं आणि मी गप्प बसले, ती आजपर्यंत.

चहा झाला की आई तो कप वेगळा घासते आणि मोरीवरच्या फळीवर पालथा घालते. एकटाच असतो तिथं.

उद्यापासून मी बदलणार. आईशी वाद नको. गुपचूप.

६ जानेवारी, मंगळ

केलं! ताट मीच वर नेलं आणि जिन्यात कप बदलले. गुलाबाचा मला, स्टीलचा तिला. सु. म्हणाली, "आज तू पाव्हणी का?" मी हसले. चहा तसाच लागतो, उगाच अडीच वर्षं घाबरले. वाळूर गावात क्रांती झाली आणि कुणाला पत्तापण नाही.

११ जाने., रवि

गॅदरिंगचा सराव. आमचं शेतकरी नृत्य आहे. सु.ला हिरवी साडी पाहिजे होती. आईनं स्वतःची इरकल काढून दिली, वर निऱ्या कशा घालायच्या ते दाखवलं. सु. आरशात बघून लाजली. आई म्हणाली, राहू दे तुझ्याकडंच, तुला लय चांगली दिसती.

पूर्वी मला याचा आनंद झाला असता. आज वाटलं, परत नको म्हणून तर नाही दिली? आई अशी नाही. असेल का? माहीत नाही.

अकरावीचं परत एकदा ठरलं. परभणीला सायन्स, दोघी एकाच खोलीत. भाकरी मी करणार, भाजी ती, आणि भांडी जिचा पेपर वाईट जाईल ती. म्हणजे मीच.

१४ जाने.

संक्रांत. सु.नं सगळ्यांना तिळगूळ दिला. आईनंही तिला दिला, पण वरून, हातावर टाकला. मला आता हे असलंच दिसायला लागलंय.

१७ जाने., शनि



शाळेत परभणीहून समुपदेशनाच्या मॅडम आल्या होत्या. विषय, परीक्षेचा ताण. मनावरचं ओझं चिठ्ठीवर लिहा आणि फाडून टाका म्हणाल्या. मी लिहिलं: कप. फाडलं. तरी तसंच. मग मॅडम म्हणाल्या, जवळच्या माणसाला सांगितलं की हलकं होतं.

म्हणून येताना पाण्याच्या टाकीपाशी सु.ला सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल. भारी केलंस म्हणेल. मी जिन्यातली अदलाबदलच रंगवून सांगत होते, स्वतःचं शौर्य.

ती थांबली. "त्यो कप वेगळा हाय?"

मी म्हणाले, हो, पण आता मीच त्यात...

"तुला कवापासून माहीत हाय?"

आठवीपासून, म्हणाले. खोटं बोलायला सुचलंच नाही.

ती बराच वेळ सॅकचा पट्टा ओढत राहिली. मग म्हणाली, "मी घरी सांगायची, ऋतूच्या घरी मला पाव्हण्याचा कप देतेत म्हणून. मम्मी काईच बोलायची न्हाई. मला वाटायचं, तिला बरं वाटायलंय."

रडली नाही. भांडली नाही. टाकीच्या मागच्या रस्त्यानं घरी गेली. तो रस्ता लांबचा आहे.

मॅडम, ओझं हलकं झालं नाही. मी ते फक्त तिच्या डोक्यावर ठेवलं.

१९ जाने., सोम

सु. पहिल्या बाकावर गेली. सरांना कारण सांगितलं, मागून फळा नीट दिसत नाही. जिला मागून सरांच्या घड्याळातला काटा दिसतो तिला.

मधल्या सुट्टीत जवळ गेले, तर डबा झाकून उठली.

साडेचारला कोणी आलं नाही. आईनं चहा गाळून ठेवला होता. "का माय, सुजाता कामून आली न्हाई?" मी म्हणाले, डोकं दुखतंय तिचं. मग दार लावून रडले. उशी तोंडावर धरून, नाहीतर ओम गावभर सांगेल.

२२ जाने.

गॅदरिंग झालं. सु. दुसरीच साडी नेसून आली, निळी. बाकी आम्ही सगळ्या हिरव्या. बाई चिडल्या, ती सॉरी म्हणाली, बस.

नाचात दोनदा हात धरायचा असतो. दोन्ही वेळेला धरला. दोनदाच.

टाळ्या लय पडल्या. मला लाज वाटत होती, कशाची ते स्टेजवर सांगता येत नाही.

२५ जाने., रवि

सु.ची मम्मी आली होती, मंगलमावशी. त्या गावात आशा वर्कर आहेत, पप्पांचं बीपी बघायला दर महिन्याला येतातच. आज पिशवीत इरकल होती. धुतलेली, इस्त्रीची घडी. आई म्हणाली, राहू द्या की सुजाताकडं, मी तिला दिलेली हाय. मावशी हसून म्हणाल्या, "हायत ताई आमच्याकडं साड्या."

आईनं चहाचं विचारलं.

"नको ताई, आत्ताच झाला."

मी जिन्यात उभी होते. आठवून बघितलं. ओमच्या डोसाच्या वेळी, आईच्या सोनोग्राफीच्या वेळी, पप्पांना चक्कर आली त्या दिवशी भर दुपारी. मावशींचा चहा नेहमी आत्ताच झालेला असतो. आमच्या घरात त्यांनी कधी घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही आणि आम्हाला वाटायचं, काय बाई साधी आहे, कुणाला त्रास देत नाही.

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

२६ जाने.

झेंडावंदन करून आले आणि आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली. पहिलं वाक्य काय, तर "तू सांगितलंस तिला?"

मग म्हणाली, "मी कवा तिला दुजाभाव केला का? नववीत ताप आल्ता तवा रातभर पट्ट्या कुणी ठिवल्या?" आईनंच ठेवल्या होत्या. सु. आमच्याकडेच झोपली होती, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. ते खरं आणि कपही खरा. मला हे दोन्ही एका माणसात बसवता येत नाही आणि ते माणूस माझी आई आहे.

म्हणाली, सासूच्या हाताखाली जे वळण लागलं ते लागलं, कधी विचार केला नाही. मी म्हणाले, रोज आठवणीनं वेगळा घासायचा आणि विचार नाही केला?  भाकरी करपली. ती करपलेली तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

जेवण झाल्यावर म्हणाली, "आन तिला. आपल्या कपात देते."

२८ जाने., बुध

मी मूर्ख आहे. पळत गेले आणि सु.ला तस्संच सांगितलं. आई म्हणाली, ये, आता आपल्या कपात देईल.

ती वहीवर समास आखत होती. पट्टी न उचलता म्हणाली, "म्हंजी परवानगी भेटली."

तसं नाही गं, म्हणाले.

"मंग कसं?"

 तिनं समास पूर्ण केला. एकदम सरळ.

४ फेब्रु., बुध

प्रॅक्टिकल संपली. हॉलतिकिटं मिळाली. सेंटर सेलूला, दोघींचंही एकाच शाळेत, वर्ग वेगळे.

संध्याकाळी सु.च्या घरी गेले. दारात उभं राहून हाक मारली. मंगलमावशी म्हणाल्या, "ये की आत." आणि माझा पाय उंबऱ्यापाशी अडला. लहानपणी आईनं सांगितलेलं, आत जाऊ नको, दारातूनच बोलाव. इतकी वर्षं मी दारातूनच बोलावत होते आणि मला वाटायचं, आमची घाई असते म्हणून.

आत गेले. सु. तिच्या पप्पांबरोबर सेलूला गेली होती, ते तिथं कोर्टात क्लार्क आहेत. भिंतीवर तिच्या हातचं अभ्यासाचं वेळापत्रक. ४.३० ते ७ समोर "ऋतूकडे" लिहिलेलं, ते खोडलेलं.

मावशींनी सांगितलं, तिचे पप्पा नांदेडचं हॉस्टेल बघायलेत. परभणीचं? तर म्हणाल्या, तिच्या मनावर हाय.

मी माफी मागायला लागले, तर त्यांनी मला खाली बसवलं. "तिला तुझ्यापरीस माझा राग आलाय बाई. मला ठावं व्हतं आन मी गप बसले म्हनून. मी म्हनलं, पोरींची जोडी हाय, दोगी शिकायल्यात, मोठ्यायच्या येडेपनापायी कशाला मोडायची. आता ती मला म्हनती, तू मला रोज तिथं पाठवलंस."

पंधरा दिवस माझ्याशी नाही तसंच मावशींशीही नीट बोलत नाही ती. हे मी केलं. एका घरात नाही, दोन घरांत.

१० फेब्रु.

निरोप समारंभ. मनोगत सांगायला माझं नाव पुकारलं आणि मला दोन वाक्यांच्या पुढं जाता येईना. सगळ्यांना वाटलं शाळेसाठी रडतेय. बाईंनी जवळ घेतलं. जाधव सर म्हणाले, बघा, हिला गणिताचीपण आठवण येणार.

फोटोला सरांनी आम्हाला शेजारी उभं केलं. "तुमी दोघी लांब लांब कशाला?" उभ्या राहिलो. खांद्याला खांदा लागला, तिनं काढून घेतला नाही. फोटोग्राफरनं तीनदा काढला. मला वाटत होतं, त्याचं बिघडत राहावं.

२० फेब्रु., शुक्र

मराठीचा पेपर. सोपा. निबंधाला "माझी मैत्रीण" होता, मी "सूर्य उगवला नाही तर" लिहिला.

सकाळी आई न सांगता एसटी स्टँडवर आली. दोघींसाठी दशम्या केल्या होत्या, दोन वेगळ्या पिशव्या. सारख्याच. सु.च्या डोक्यावरून हात फिरवायला गेली, तर सु.नं वाकून नमस्कारच केला, म्हणजे हात मधेच राहिला. "येते काकू." गाडीत बसल्यावर तिनं पिशवी मागच्या सीटवर बसलेल्या, आमच्या वर्गातल्या रुबिनाला दिली. मला भूक नाही, तू खा, म्हणाली. आई खाली उभी राहून हात हलवत होती. तिला ते दिसलं नाही, बरं झालं.

मला आईची पण कीव आली. येऊ नये का?

५ मार्च

गणित-१. बरा गेला. वर्गसमीकरणाचं गणित आलं, ते सु.नं आमच्या वरच्या खोलीत चारदा शिकवलेलं. लिहिताना तिचा आवाज कानात. बाहेर आल्यावर सांगावंसं वाटलं. ती तिच्या पप्पांच्या गाडीवर बसून गेलेली होती.

१८ मार्च, बुध

भूगोल. संपली दहावी.

पोरं शाई उडवत होती, पोरी रडत होत्या, पुन्हा भेटू वगैरे. मी सेलू स्टँडवर वाळूरच्या गाडीत चढले तर एकच जागा रिकामी, सु.शेजारी. ती खिडकीकडं सरकली. बसले.

अर्ध्या रस्त्यापर्यंत काही नाही. मग तीच म्हणाली, "मला तुझा राग न्हाई आता." मला एवढा आनंद झाला की मी तिच्याकडं वळले, पण तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं. म्हणाली, आता कुणीपण चांगलं वागलं की ती आधी बघते, कशात देतेत, कसं देतेत. सुपरवायझर मॅडमनं परवा पेपरला पेन दिला तरी बघितलं. "आदी असं न्हवतं माझं. तुमच्याकडं मला लय चांगलं वाटायचं."

मी विचारलं, मग मी काय करायचं होतं? सांगितलं नाही ते चूक, सांगितलं तेही चूक.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुझ्या आईला बोलायचं व्हतं. पयल्याच दिवशी. मला न्हाई."

परभणीचं विचारलं. म्हणाली, निकाल लागू दे, बघू. उद्या ती मामाकडं पूर्णेला चाललीय, महिनाभर. तिथला नंबर मी मागितला नाही आणि तिनं दिला नाही. उतरताना माझी सॅक तिनंच वरून काढून दिली.

घरी येऊन तेच डोक्यात. ती म्हणते ते खरं आहे. आईला बोलायची मला भीती वाटत होती, आठवीत आणि दहावीतही, म्हणून जिन्यात कप बदलत बसले. सुजाताला सांगायची मात्र भीती वाटली नाही.