वांग्यातले सोडे अन् तुमची तब्येत

मु. हर्णैजवळ, समुद्राच्या काठी
फाल्गुन महिना, सन १९३८

साखऱ्याचे तातेराव भावजी यांना थोरल्या वहिनीचा खाऱ्या वाऱ्यातून आशीर्वाद. द्वारकेला अन् लेकरांना बी. मी हितं खुशाल हाय. तुमची खुशाली विचारते ती रीत म्हणून विचारते असं समजू नका, मला एकेकाचं उत्तर पाहिजे. ताप हाय का? सांजच्याला थंडी वाजते का? जीभ पांढरी पडली का? मंगळवारी दुपारी, जेवणाच्या वक्ताला, काही झालं का? ठेच, उचकी, चक्कर, काही बी? (हे मनातल्या मनात वाचा. तुमची बायको द्वारका चुलीपाशी कान लावून बसली असंल, अन् तिला कळलं तर ती माझ्या नावानं गाव गोळा करंल.)

काहून विचारून राहिले ते सांगते. आधी खाली बसा. बसलेले असाल तर आडवे व्हा.

वैद्यबुवानं माझ्या खोकल्याला खारी हवा सांगितली अन् माझा भाचा व्यंकटराव, जो हितं शाळेत मास्तर हाय, मला महिन्यासाठी घेऊन आला, हे तुमाला ठाऊकच हाय. पहिले चार दिवस मी उंबरा ओलांडला न्हाई. आपल्या कयाधूला कितीबी पूर आला तरी ती एकीकडून येते अन् दुसरीकडं जाते, माणसाला पळायची दिशा कळते. हे पाणी समोरून येतं अन् येतच ऱ्हातं, वर दम लागलेल्या म्हाताऱ्यावानी धापा टाकतं. पाचव्या दिवशी व्यंकटरावानं हात धरून नेलं, अन् मंग मात्र गोडी लागली. सकाळी ओल्या वाळूवर अनवाणी चालायचं, दमलं की सुरूच्या बनात जाऊन बसायचं. तिथं इतकं शांत, की आपलाच श्वास ऐकू येतो. (द्वारकेला हे पटणार न्हाई. शांतता कशी असते ते तिनं कवा कळू दिलं न्हाई.) जेवायला तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातली उसळ, आमसुलाची कढी. ज्वारी मिळत न्हाई, तेवढीच तकलीफ.

आता तुमचा तीन सालामागचा एकवीस दिसाचा ताप आठवा. तुमाला काय आठवणार म्हणा, तुमी तवा मला बैल समजून हाकलून राहिले होते. त्या वक्ताला मी औंढ्याच्या नागनाथाला बोलले, माझ्या दिराला उठव, मी जन्मात मटणाला शिवणार न्हाई. ताप काही हलला न्हाई. मला वाटलं, देवाला सौदा लहान वाटला असंल, म्हणून त्याच्यावर मच्छी बी घातली. खरं सांगू का भावजी, साखऱ्यात मच्छी हाय कुठं? पावसाळ्यात ओढ्याला बोटाएवढे चार मासे सापडतात, त्यात निम्मे काटे. मटण सोडताना माझा जीव तुटला, मच्छी मी देवाला फुकटात दिली. अन् तुमी दुसऱ्या दिवशी उठून पेज मागितली! म्हणजे तुमी जगले ते मच्छीवर, मटणावर न्हाई. हे मी आजवर कोणाला बोलले न्हाई.

तर मंगळवारी शेजारच्या पार्वतीबाईनं वांग्याची भाजी धाडली. त्यात लालसर, वाकडे, वाळवलेले तुकडे. मी म्हणलं, वा, हितं बी वांग्यात सांडगे घालतात, आपल्यावानीच. (आपले सांडगे लाल कवा असतात, हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. पण भूक लागली होती.) वाटी पुसून खाल्ली. मंग पार्वतीबाई दारात येऊन म्हणती, "कसे लागले सोडे?" मी म्हणलं, "सोडे म्हणजे कोणती डाळ वो बाई?" तर ती हसती. "डाळ कुठली? कोळंबी ती. सोलून वाळवलेली. मासळीच की."

भावजी, डोळ्यापुढं तुमी दिसले, आपल्या ओसरीवर, घोंगडी पांघरून.

घरात बसवंना म्हणून काठावर गेले. पाणी लांब सरकलं होतं. वाळूत एक काळा खडक उघडा पडलेला, त्याच्यावर चढून, औंढं कोणत्या अंगाला असंल त्याचा अंदाज घेऊन, डोळे मिटून लई वेळ हात जोडून बसले. म्हणलं, देवा, चूक माझी हाय, धरायचं तर मला धर, त्या गरिबाला धरू नको. डोळे उघडते तर चारी बाजूनं पाणी! देवानं लगेच ऐकलं असं वाटून मी पाटलीण असून लेकरावानी वरडले. म्हणलं, तपकीर सोडते. पाणी घोट्याला. चहा सोडते. पाणी पोटरीला. द्वारकेला बोलायचं सोडते म्हणणार, तेवढ्यात एक कोळीण कमरेएवढ्या पाण्यातून आली अन् दंडाला धरून मला ओढत नेलं. काठावर टाकून म्हणती, "भरती हाय ही, आज्ये. रोज दोनदा येते. तुझ्यासाठी न्हाई आली."

तिथं जमलेले समदे हसले. मला हसू आलं न्हाई. पाणी माझ्यासाठी आलं न्हाई, मंग देवाचा राग गेला कुठं? साखऱ्याला? तवापासून अन्न गोड लागंना, बनात बसलं तरी तुमचा कण्हण्याचा आवाज येतो.

तुमची वहिनी,
शालूबाई

ता. क. पत्र पोचताच कार्ड टाका, तुमच्या हातानं. दुसऱ्याचं अक्षर दिसलं तर मी काय समजायचं ते समजंन. तार तर मुळीच करू नका. तारवाला दारात दिसला तर मी ती ऐकायला उरणार न्हाई.

ता. क. औंढ्याला जाऊन गुरवाला विचारा, नकळत खाल्लं तर नवस मोडतो का. माझं नाव घेऊ नका, शेजारीण म्हणा.

ता. क. हे बी विचारा, की सोडे हायेत हे कळलं तवा भांड्यात अजून अर्धी वाटी भाजी उरली असंल, अन् अन्न टाकायचं पाप नको म्हणून शेजारणीनं ती बी खाल्ली असंल, तर ती नकळत धरायची का कसं.

ता. क. तुमी ठणठणीत असाल तर मी अजून एक महिना ऱ्हाते म्हणते, खोकला बराच कमी हाय. अंग जरासं बी मोडून आलं असंल तर तसं लिहा, मी त्याच दिवशी निघते. पण भावजी, मी तुमची आजवर लई चेष्टा केली, तिची परतफेड म्हणून खोटा ताप लिहू नका. बाकी काय पाहिजे ते लिहा. तेवढं एक नका.